सूत्राचे दुसरे टोक

सूत्र या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक अर्थ दोरा, आणि दुसरा अर्थ थोडक्यात सांगितलेला नियम. भौतिकशास्त्रातील सूत्राला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. ते निसर्गाचा एखादा नियम मोजक्या चिन्हांत सांगते, आणि त्याच वेळी निरनिराळ्या राशींना एका दोऱ्यात ओवून ठेवते. शाळेच्या पुस्तकात सूत्र छापलेले असते तेव्हा बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या अंगास एकच राशी एकटी बसलेली दिसते, आणि बाकीच्या साऱ्या उजव्या अंगास दाटीवाटीने उभ्या असतात. व्यवहारात मात्र गाठ पडते ती बहुधा उलट प्रसंगाशी. एकटी बसलेली राशी आधीच मोजून झालेली असते, आणि जी हवी असते ती त्या दाटीत कोठे तरी अडकलेली असते. तिला तेथून सोडवून एकटी बसविणे, यालाच सूत्राची पुनर्मांडणी म्हणतात.

ही क्रिया वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परीक्षेतील दोनतीन गुणांपलीकडे तिचे महत्त्व ते काय, असेही कित्येकांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पृथ्वी तराजूत घालता येत नाही, तरी तिचे वस्तुमान ज्ञात आहे. हिमालयाच्या मुळाशी कोणी उतरलेले नाही, तरी तेथील खडक तेवढ्याच खोलीवरील अन्य ठिकाणच्या खडकापेक्षा हलका आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. जे मोजता येण्यासारखे होते ते माणसाने मोजले, आणि जे मोजता येण्यासारखे नव्हते ते सूत्राच्या दाटीतून सोडवून घेतले, म्हणूनच या गोष्टी कळल्या. ही सोडवणूक कशी होते आणि तिच्यातून काय हाती लागते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभ अगदी साध्या उदाहरणाने करावा. मुंबई ते पुणे हा लोहमार्ग १९२ किलोमीटर लांबीचा आहे. एखाद्या गाडीने हे अंतर चार तासांत तोडले, तर तिचा सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर पडला. वेग म्हणजे अंतर भागिले काळ. आता प्रश्न फिरवून विचारला, की ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस तेच अंतर तोडण्यास किती वेळ लागेल, तर उत्तर तीन तास. येथे काळ हा अंतर भागिले वेग असा निघाला. पुष्कळ विद्यार्थी ही तीन रूपे तीन स्वतंत्र सूत्रे म्हणून पाठ करतात. काही जण एका त्रिकोणात तीन अक्षरे लिहून, हवे त्या अक्षरावर बोट ठेवून उत्तर काढण्याची युक्ती शिकतात. तीन राशी असतात तोवर ही युक्ती चालते. पाच राशी आल्या, त्यांत एखादे वर्गमूळ शिरले, की त्रिकोण निरुपयोगी होतो आणि पाठांतरही अपुरे पडते. वस्तुतः सूत्र एकच असते. बाकीची रूपे त्याच्या पोटात असतात, आणि ती बाहेर काढण्याचा नियमही एकच आहे.

तो नियम तराजूने उत्तम समजतो. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पुड्या आणि २०० ग्रॅमचे एक वजन आहे, दुसऱ्या पारड्यात ९५० ग्रॅमची वजने आहेत, आणि दांडी आडवी आहे, असे समजावे. एका पुडीचे वजन किती? दोन्ही पारड्यांतून दोनदोनशे ग्रॅम काढले, तर दांडी हलणार नाही. तीन पुड्या आणि ७५० ग्रॅम समोरासमोर उरतील. दोन्हींचा तिसरा हिस्सा ठेवला, तरीही दांडी आडवीच राहील. एक पुडी आणि २५० ग्रॅम. जे एका पारड्यास करावे तेच दुसऱ्यास करावे, एवढाच हा नियम. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ असे जे शाळेत घोकले जाते, ते या नियमाचे आखूड रूप आहे. प्रत्यक्षात पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते, आणि एका बाजूची खूण तीमुळे नाहीशी होते. ज्याच्या डोळ्यांपुढे तराजू आहे त्याला कोणते चिन्ह बदलावे याची धास्ती राहत नाही.

हा विचार भारतीय गणितास फार जुन्या काळापासून परिचित आहे. जी राशी माहीत नाही तिला ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधील आपल्या ग्रंथात अव्यक्त म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अव्यक्तास यावत्तावत्, आणि पुढच्यांस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे उलट चालण्याची रीत. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ती सांगितली आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत ती व्यस्तविधी म्हणून आली. तिचा आशय असा: शेवटी जे दिसते तेथून आरंभ करावा, जेथे गुणले असेल तेथे भागावे, जेथे भागले असेल तेथे गुणावे, मिळविले असेल ते वजा करावे, वजा केले असेल ते मिळवावे, वर्गाच्या जागी मूळ घ्यावे आणि मुळाच्या जागी वर्ग. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. आठशे वर्षांपूर्वी त्या मठात लीलावती शिकणाऱ्या बटूला ही रीत ठाऊक असणार.

एका संख्येस पाचाने गुणिले, त्यात सहा मिळविले, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घेतले, तेव्हा चार आले. तर ती संख्या कोणती? चारापासून मागे निघावे. चाराचा वर्ग सोळा, सोळांतून सहा गेले दहा, दहास पाचाने भागिले दोन. येथे क्रम ध्यानात घ्यावा. मूळ संख्येवर जी क्रिया सर्वांत शेवटी झाली ती सर्वांत आधी उलटली. गाठोडे बांधताना जी गाठ शेवटी मारली जाते ती सोडताना पहिली सोडावी लागते. आतल्या गाठीस आधी हात घातला तर गुंता वाढतो. सूत्राच्या पुनर्मांडणीत होणाऱ्या बहुतेक चुका या क्रमाच्या चुका असतात.

आता भौतिकशास्त्रातील एक खरेखुरे सूत्र घ्यावे. दोऱ्यास जड गोळा बांधून तो टांगला आणि किंचित बाजूस ओढून सोडला, म्हणजे लंबक तयार होतो. जाऊन परत येण्यास त्याला लागणारा काळ म्हणजे आंदोलनकाल. हा काळ गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो. तो लंबकाच्या लांबीवर आणि त्या स्थळी पृथ्वी वस्तूंना किती त्वरेने खाली ओढते यावर, म्हणजे गुरुत्वत्वरणावर, अवलंबून असतो. सूत्र असे आहे: लांबीस गुरुत्वत्वरणाने भागावे, येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे, आणि ते पायच्या दुपटीने गुणावे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे जे गुणोत्तर, सुमारे ३.१४१६, त्यासच गणितात पाय म्हणतात.

या सूत्रात गुरुत्वत्वरण दोन वेष्टनांच्या आत आहे, आणि तेही छेदस्थानी. त्याला बाहेर काढावयाचे तर व्यस्तविधीनेच जावे लागते. शेवटची क्रिया पायच्या दुपटीने गुणण्याची होती. म्हणून प्रथम आंदोलनकालास पायच्या दुपटीने भागावे. त्याआधी वर्गमूळ घेतले होते. म्हणून आता दोन्ही बाजूंचा वर्ग करावा. एका बाजूस लांबी भागिले गुरुत्वत्वरण एवढेच उरते. दोन्ही बाजूंस गुरुत्वत्वरणाने गुणिले की ते छेदातून वर येते, आणि शेवटच्या भागाकाराने ते एकटे पडते. उत्तर असे: गुरुत्वत्वरण म्हणजे चार, पायचा वर्ग आणि लांबी यांचा गुणाकार, भागिले आंदोलनकालाचा वर्ग.

समजा, टांगल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी बरोबर एक मीटर आहे, आणि वीस पूर्ण झोक्यांना ४०.१ सेकंद लागले. एका झोक्यास २.००५ सेकंद झाले. हे आकडे घातले असता गुरुत्वत्वरण दर सेकंदास दर सेकंदी सुमारे ९.८२ मीटर येते. घराच्या तुळईस दोरा बांधून आणि मनगटावरील घड्याळ पाहून एवढे साधते. पृथ्वीच्या ओढीस स्पर्श करता येत नाही. दोरा आणि घड्याळ मात्र हाताशी असतात.

नव्या मांडणीचा आणखी एक गुण येथे दिसतो. काळाचा वर्ग छेदात आला आहे, यावरून काळ मोजण्यातील चूक उत्तरात दुप्पट प्रमाणात उमटणार हे उघड होते. घड्याळ थांबविताना ०.४ सेकंदाची चूक झाली आणि वीस झोक्यांस ४०.५ सेकंद धरले, तर उत्तर ९.६३ येते. तीच चूक एकाच झोक्याचा काळ मोजताना झाली, तर उत्तर ६.८३ पर्यंत घसरते. वीस झोके मोजण्यास शिक्षक का सांगतात, याचे कारण नव्या मांडणीत डोळ्यांना दिसते. मूळ मांडणीत ते सहजी दिसत नव्हते.

मूळ सूत्राची अटही या मांडणीबरोबर येते. हे सूत्र लहान झोक्यांपुरते खरे आहे. लंबक तीस अंशांपर्यंत बाजूस ओढून सोडला, तर त्याचा आंदोलनकाल सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी भरते. बीजगणितात कोठेही चूक नसताना उत्तर चुकते. अक्षरे कितीही सफाईने हलविली तरी मूळ विधानाची मर्यादा हलत नाही.

एकाच सूत्राचे निरनिराळे टोक निरनिराळ्या माणसांच्या कामी येते. घड्याळजीस आंदोलनकाल ठाऊक असतो. त्याला लांबी हवी असते. दर सेकंदास एक ठोका देणारा लंबक करावयाचा, तर जाऊन येण्यास दोन सेकंद लागावेत. लांबी एकटी केली की ती सुमारे ९९.४ सेंटिमीटर निघते. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्तानजीकच्या केयेन या गावी वेध घेण्यास गेला. पॅरिस येथे बिनचूक चालणारे त्याचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. वेळ बरोबर राखण्यासाठी त्याला लंबक जेमतेम तीन मिलिमीटरांनी आखूड करावा लागला. दोष घड्याळाचा नव्हता. ख्रिस्तियान हायगेन्स याने १६७३ साली लंबकाचे गणित ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होतेच. त्या गणितातून गुरुत्वत्वरण एकटे काढले, की केयेन येथे ते पॅरिसपेक्षा कमी आहे हे स्पष्ट होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आणि ध्रुवांपाशी चपटी आहे, या आपल्या प्रतिपादनास न्यूटनने १६८७ मध्ये या निरीक्षणाचा आधार घेतला.

भारतातील प्रसंग याहून अधिक उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू असता कल्याणपूर आणि उत्तरेस मैदानात असलेले कलियाना या दोन ठाण्यांमधील अंशात्मक अंतर दोन रीतींनी काढण्यात आले. एक रीत जमिनीवरील मापनाची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक पडला. हिमालय आपल्या प्रचंड वस्तुमानाने ओळंब्यास बाजूस ओढीत असावा आणि त्यामुळे वेध चुकत असावेत, अशी शंका आली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी या ओढीचे गणित केले, तेव्हा फरक सुमारे १५.९ विकला पडावयास हवा होता असे निघाले. डोंगर जेवढा दिसत होता, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच त्याची ओढ भासत होती. प्रॅट यांचा हा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी सुचविले, की डोंगराच्या मुळाशी हलका खडक खोलवर गेलेला असावा, बर्फाचा खडा पाण्यावर तरंगताना पाण्याखाली असतो तसा. पण याची शहानिशा कशी व्हावी? हिमालयाखाली कोण उतरणार?

या प्रश्नात लंबक उपयोगी पडला. कॅप्टन जेम्स पॅलाडिओ बासेव्ही यांनी १८६५ पासून भारतातील अनेक ठाण्यांवर लंबकाची निरीक्षणे घेतली. येथे एक अडचण होती. गुरुत्वत्वरण अतिसूक्ष्म काढावयाचे, तर लंबकाची लांबीही तितकीच सूक्ष्म मोजावी लागते, आणि ते फार दुर्घट काम आहे. ती अडचण पुनर्मांडणीनेच दूर होते. एकच लंबक, लांबी न बदलता, दोन ठिकाणी नेला, तर दोन्ही ठिकाणची सूत्रे लिहून एकास दुसऱ्याने भागता येते. लांबी दोहोंत सारखीच असल्यामुळे ती कटून जाते. चार आणि पायचा वर्गही कटून जातो. उरते ते एवढेच: दोन ठिकाणच्या गुरुत्वत्वरणांचे गुणोत्तर हे तेथील आंदोलनकालांच्या वर्गांचे व्यस्त गुणोत्तर असते. जी राशी मोजणे कठीण होते तिचे मापच घ्यावे लागले नाही. आता केवळ झोके मोजणे पुरे होते.

डोंगरावर काय अपेक्षित होते, तेही सांगितले पाहिजे. उंच गेल्यावर पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर वाढते आणि ओढ घटते. दर सेकंदास ठोका देणारा लंबक पंधरा हजार फुटांवर नेला, तर केवळ उंचीमुळे तो दिवसाकाठी सुमारे ६२ ठोके कमी देईल. परंतु पायाखाली पंधरा हजार फूट जाडीचा खडक असेल, तर त्या खडकाच्या ओढीने सुमारे वीसबावीस ठोके भरून यावयास हवेत. बासेव्ही यांनी लडाखमधील मोरे येथे, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीच्या ओसाड पठारावर, हा लंबक नेला. त्या थंडीत आणि विरळ हवेत काम करीत असतानाच १८७१ च्या जुलै महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नोंदींवरून गणित केले तेव्हा खडकामुळे होणारी अपेक्षित भर दिसली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अधिक काटेकोर साधनांनी भारतात पुन्हा मापे घेण्यात आली आणि बासेव्ही यांच्या आकड्यांत दुरुस्त्या झाल्या. सूत्रात घातलेल्या मापात दोष असेल तर तो निघालेल्या उत्तरातही उतरतो, याचा हा पुरावाच होय. तथापि हिमालयाखाली वस्तुमानाची तूट आहे हा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला.

लंबकाने मिळालेल्या गुरुत्वत्वरणाचा याहूनही मोठा उपयोग झाला, तो पृथ्वीचे वस्तुमान काढण्यात. हातातील दगडावर पृथ्वीची जी ओढ असते ती दोन प्रकारे लिहिता येते. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाप्रमाणे ती म्हणजे गुरुत्वस्थिरांक, पृथ्वीचे वस्तुमान आणि दगडाचे वस्तुमान यांचा गुणाकार, भागिले पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग. गतीच्या नियमाप्रमाणे तीच ओढ म्हणजे दगडाचे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण. ओढ एकच असल्याने दोन्ही बाजू समान मांडाव्या. दगडाचे वस्तुमान दोन्ही अंगांस गुणक म्हणून आहे. भागाकाराने ते नाहीसे होते. म्हणूनच खडा असो की धोंडा, दोन्ही सारख्याच त्वरेने पडतात. उरलेल्या समीकरणातून पृथ्वीचे वस्तुमान एकटे काढले, की ते गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले गुरुत्वस्थिरांक, असे येते.

त्रिज्या पूर्वीच ज्ञात होती, गुरुत्वत्वरण लंबकाने मिळाले होते. कमी होता तो शेवटचा दुवा. १७९८ साली हेन्री कॅव्हेन्डिश याने लंडनजवळ क्लॅपम येथील आपल्या घरी तो जोडला. तारेने टांगलेल्या आडव्या दांडीच्या टोकांस लहान शिशाचे गोळे होते, आणि त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोग्रॅम वजनाचे मोठे गोळे आणले जात. श्वासाच्या झुळुकीनेही बिघाड होऊ नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीने पाहत असे. त्याने आपले उत्तर घनतेच्या रूपात दिले: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे. आजचा आकडा सुमारे ५.५१ आहे. आधुनिक मापे घालून वस्तुमान काढले, तर ते सहावर चोवीस शून्ये दिली असता जी संख्या होते, सुमारे तितके किलोग्रॅम भरते. आणि पृष्ठभागावरील खडक पाण्याच्या पावणेतीन पटीहून फारसा जड नसतो. मग सरासरी साडेपाच कशी आली? पृथ्वीच्या पोटात याहून कितीतरी जड द्रव्य असलेच पाहिजे. सामान्य बीजगणिताची एक ओळ मनुष्यास अशा प्रकारे पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत नेते.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि पुनर्मांडणीचे खरे मर्म तेच आहे. निसर्ग कारणाकडून कार्याकडे जातो. पृथ्वीची ओढ आहे म्हणून लंबक झुलतो. डोंगराखाली वस्तुमान कमी आहे म्हणून ठोके कमी पडतात. माणसाच्या हाती मात्र आधी कार्य येते, आणि त्याला कारणाकडे मागे जावयाचे असते. पुनर्मांडणी ही या परतीच्या प्रवासाची वाट होय. या प्रवासात जाणण्याची दिशा बदलते, कार्यकारणाची दिशा बदलत नाही. विजेच्या अभ्यासात ओहमच्या नियमातून रोध एकटा काढला, की रोध म्हणजे विद्युद्दाब भागिले प्रवाह असे दिसते. त्यावरून कोणी समजेल, की दाब दुप्पट केला की रोध दुप्पट होतो. तसे होत नाही. तपमान तेच राहिले तर तारेचा रोध तारेपाशीच राहतो. दाब वाढला की प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो, आणि भागाकार तोच येतो. समीकरणाच्या डाव्या अंगास एकटे बसविलेले ते परिणाम आणि उजव्या अंगास आहे ते कारण, हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

या रीतीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. एका समीकरणातून एकच अव्यक्त सुटते. दोन राशी अज्ञात असतील तर कितीही उलथापालथ केली तरी दुसरे समीकरण मिळवावेच लागते. ज्या राशीने भागावयाचे ती शून्य नाही याची खात्री हवी. उत्तराची एकके जुळतात की नाही हेही ताडून पाहावे. लांबीस काळाच्या वर्गाने भागिले असता मीटर भागिले सेकंदाचा वर्ग येतो, आणि त्वरणाचे एककही तेच आहे. ते न जुळते तर कोठे तरी गाठ चुकीच्या क्रमाने सुटली असे समजावे. शिवाय काही समीकरणे अशी असतात की अव्यक्त त्यांतून एकटे निघतच नाही. ग्रहाचे विवक्षित क्षणीचे स्थान काढण्यासाठी केप्लरने जे समीकरण मांडले, त्यात अज्ञात कोन एकदा उघडा येतो आणि एकदा त्याच्या ज्येच्या रूपाने येतो. एक बाहेर काढावा तर दुसरा आतच राहतो. अशा वेळी अंदाजी किंमत घालावी, तीवरून अधिक चांगली किंमत काढावी, आणि उत्तर स्थिर होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. भारतीय ज्योतिषात अशा रीतीस असकृत्कर्म असे समर्पक नाव आहे. आजचे संगणकही असली समीकरणे बहुधा याच मार्गाने सोडवितात.

सूत्रांची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यास यातून एक दिलासा मिळावा. त्याला दहा सूत्रांची तीस रूपे पाठ करण्याचे कारण नाही. कोणती राशी हवी आहे हे आधी निश्चित करावे. तिच्यावर कोणकोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने झाल्या आहेत ते पाहावे. शेवटच्या क्रियेपासून आरंभ करून दोन्ही बाजूंवर त्या एकेक उलटवाव्या. आणि आकडे शेवटी घालावेत. आकडे आधी घातले, तर लांबी कोठे कटली, दगड कोठे नाहीसा झाला आणि चूक कोठे दुप्पट झाली, हे काहीच दिसत नाही. अक्षरे मात्र या गोष्टी बोलून दाखवितात. तुळईस दोरा बांधून वीस झोके मोजणारा मुलगा आणि लडाखच्या पठारावर लंबकाशेजारी बसलेले बासेव्ही यांच्या साधनांत फार अंतर आहे. पण दोघांनी अव्यक्त सोडविले ते एकाच रीतीने, आणि त्या मुलाने काढलेला आकडाही ज्या भूमीवर तो उभा आहे तिच्या ओढीचाच आहे.